माळकरी वडील आणि वाइनचा मुलूख

ॲडलेडमध्ये सात वर्षं नोकरी करणारे एक वाचक लिहितात: आई-वडील पहिल्यांदाच परदेशात येताहेत. वडील अडुसष्ट वर्षांचे, नाशिक जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. बाग आता धाकटा भाऊ बघतो. आईचे गुडघे दुखतात. जानेवारीत मुलीची शाळा बंद असते आणि ऑफिसही निवांत असतं, म्हणून तेव्हाच बारा दिवसांची गाडीची सहल आखली आहे: फ्लिंडर्स रेंजेस, कांगारू आयलंड आणि ग्रेट ओशन रोडने मेलबर्न. बायको म्हणते, बरोसा आणि मॅकलारेन व्हेल हे जवळचे वाइनचे भागही दाखवू. मला वाटतं, माळकरी माणसाला वाइनच्या गावात नेऊन काय करायचं? त्यांना अवघडल्यासारखं होईल. तो भाग सरळ वगळावा का? पुन्हा येणं होईल न होईल, म्हणून जितकं जास्त दाखवता येईल तितकं दाखवायचं आहे.

---

तुमच्या मूळ पत्रात वडिलांच्या माळेचा उल्लेख तीनदा आला आहे, बागेचा एकदाच. गोंधळ तिथेच झाला आहे असं मला वाटतं. ज्यांचं उभं आयुष्य द्राक्षात गेलं, त्यांना द्राक्षांच्या मुलखात आणून द्राक्षं सोडून बाकी सगळं दाखवायचं, असा हा बेत आहे. बरोसा म्हणजे पिणाऱ्यांची जागा, हे तुम्ही धरून चाललात. तिथल्या जमिनीवर दिसतात त्या मात्र बागाच. आणि बागेत उभं राहायला माळ आड येत नाही.

त्यांना विचारलं आहे का, हा माझा पहिला प्रश्न. पत्रावरून तरी नाही असं दिसतं. फोनवर ‘वाइनरी बघायला जायचं का’ असं विचारलंत तर ते नकोच म्हणतील. ‘इथे दीडशे वर्षांपूर्वीच्या द्राक्षबागा अजून माल देताहेत, बघायच्या का’ असं विचारून बघा.

कारण त्यांच्यासाठी बातमी ती आहे. आपल्याकडे बारा-पंधरा वर्षं झाली की बाग उपटायचा विचार सुरू होतो. बरोसात १८४२ पासून जर्मन ल्युथरन कुटुंबं येऊन वसली, आणि लँगमाइल या वाइनरीकडे १८४३ सालची मानली जाणारी शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाची बाग आजही आहे. तिथल्या बागायतदारांनी २००९ मध्ये वेलींच्या वयाच्या पायऱ्याच ठरवून टाकल्या. ३५ वर्षं ओलांडली तर जुनी, मग ७०, मग १००, आणि १२५च्या वर गेलेल्यांना ते ‘पूर्वज’ म्हणतात. ही खोडं बघण्यासारखी असतात. मांडीएवढी जाड, पीळ पडलेली, साल सुटून लोंबणारी. बऱ्याच जुन्या बागांत मांडव नाही, इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार नाही, एखादी तार असली तर असली. वेल झुडपासारखी आपल्या पायावर उभी. कित्येक ठिकाणी ठिबकही नाही, नुसत्या पावसाळी ओलीवर पीक. तो पाऊसही वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि बहुतेक हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टला.

वडील खाली वाकून खोडाचा बुंधा बघतील, कलमाची गाठ शोधतील. ती सापडणार नाही. नाशकात डॉगरिज या काटक जातीचा खुंट लावून त्यावर कलम करतात. इथल्या जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर आहेत. फिलोक्सेरा ही मुळांवरची कीड एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा खाऊन गेली, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियापर्यंत आली, पण साउथ ऑस्ट्रेलिया या तुमच्या राज्यात आजवर शिरलेली नाही. कडक बंदोबस्ताने ती बाहेर ठेवली आहे.

मग ते विचारतील, एकरी किती निघतो? कोरडवाहू जुन्या बागेत टन-दोन टन. निर्यातीची बाग एकरी आठ-दहा टन काढणाऱ्या माणसाला हे ऐकून वाटेल, परवडतं कसं? इथे शिराझचा मणी मुद्दाम लहान हवा असतो, कारण रंग आणि चव सालीत असते. जीए हे संजीवक देऊन मणी फुगवायचा नाही, कात्री घेऊन विरळणी करत बसायचं नाही. साखर मात्र चोवीस-पंचवीस ब्रिक्सपर्यंत (रसातल्या गोडीचं माप) चढू देतात. खायच्या द्राक्षाला आपण अठराच्या आसपास थांबतो. आणखी एक फरक त्यांच्या लगेच लक्षात येईल: इथे छाटणी वर्षातून एकदाच. थंडीत वेल पानं टाकून झोपते आणि वसंतात आपली आपण फुटते. एप्रिलची खरड छाटणी नाही, फळासाठीची ऑक्टोबर छाटणी नाही, डोळे फुटायला पेस्ट लावणं नाही. अवकाळीची धास्ती कमी आहे, पण वसंतात गोठून पडणारं दव आणि ऐन उन्हाळ्यातली उष्णतेची लाट कोवळ्या फुटीला आणि घडांना भाजून काढते. म्हणजे रात्रीची झोप तिथल्या शेतकऱ्यालाही नाहीच.

आता चव घेण्याच्या खोलीचं. तिला तिथे सेलर डोअर म्हणतात. आत गेलेल्या प्रत्येकाने प्यायलाच हवं असा कुणाचा आग्रह नसतो. नोंदणी करताना ‘पाचजण, त्यातले तिघे घेणार नाहीत’ एवढं सांगायचं. तरी आंबलेल्या रसाचा वास, हातातले पेले यांनी वडिलांचं मन खट्टू होणार असेल, तर त्यांना आत नेऊ नका. जुन्या बागेची फेरी देतात का ते फोनवर आधी विचारा आणि तेवढीच घ्या. बायकोला चव घ्यायची असेल तर तिने अर्धा तास घ्यावी, बाकीच्यांनी ओसरीवर बसावं. सासरे आहेत म्हणून सुनेने तोंड लपवायचं की नाही, ते तुमच्या घरात आधीच बोलून घ्या. टेबलापाशी उभं राहून ते ठरवू नका.

सेपल्ट्सफिल्ड या जुन्या वाइनरीला मात्र सगळ्यांना न्या. १९३०च्या मंदीत कामगारांना सोडून द्यायला नको म्हणून सेपल्ट घराण्याने त्यांच्याकडून रस्त्याच्या कडेने ताडासारखी झाडं लावून घेतली. त्या दुतर्फा रांगेतून गाडी वाइनरीपाशी पोचते. आत एका दालनात १८७८पासूनच्या प्रत्येक वर्षाचं पिंप ठेवलेलं आहे. शंभर वर्षं झाल्यावर त्यातली वाइन बाटलीत जाते. स्वतःच्या जन्मवर्षाच्या पिंपापाशी उभं राहण्याची फेरी तिथे मिळते, आधी नोंदणी करावी लागते. वडिलांनी थेंबही घेऊ नये. त्यांच्या जन्मसालच्या द्राक्षांचं पिंप समोर बघणं पुरेसं आहे. आणि बरोसातल्या दुकानांतून ‘व्हर्जूस’ची एक बाटली घ्या. तो कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, दारू नव्हे; आमसुलासारखा भाजीला लावायचा. विरळणीत आपल्याकडे मातीत पडणारे हिरवे मणी इथे बाटलीत बसून विकले जातात, हे बघून वडील बराच वेळ गप्प राहतील.

बागांचा प्रश्न एवढाच. तुमच्या बेतातली मोठी चूक वेगळी आहे, ती जानेवारी.

साउथ ऑस्ट्रेलिया हे माणसांची वस्ती असलेल्या सगळ्यांत कोरड्या खंडातलं सगळ्यांत कोरडं राज्य. ॲडलेडचा जानेवारीतला सरासरी कमाल पारा तिशीच्या आसपास, म्हणजे कागदावर पुण्यासारखाच. पण सरासरीला भुलू नका. २४ जानेवारी २०१९ला तो ४६.६ अंशांवर गेला होता. फ्लिंडर्समध्ये त्या महिन्यात चाळिशी नेहमीची. सात वर्षांत हे तुम्ही सोसलं आहे, पण आई सोसेल का? ॲडलेडजवळच्या मोरिआल्टाचे धबधबे तेव्हा बहुधा आटलेले असतात. वणव्याचा धोका कमालीचा वाढला की राष्ट्रीय उद्यानं बंद होतात, म्हणजे शेकडो किलोमीटर जाऊन फाटकावरून परत. शिवाय जानेवारीत नाशकात माल तयार होत असतो. बाग भावाकडे दिली म्हणून काय झालं, वडील इथे समुद्राकडे बघत बसतील आणि रात्री भावाला ‘ढग आलेत का’ म्हणून फोन करतील.

एप्रिल बघा. पहिल्या सत्राची शाळेची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून साधारण दोन आठवडे असते, तेव्हा रजा जमवा. पारा सरासरी बावीस-तेवीस. बरोसात खुडा बहुतेक उरकलेला, वेलीची पानं पिवळी-तांबडी झालेली. विषम वर्षी याच महिन्यात बरोसाचा खुड्याचा महोत्सवही असतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: गुड फ्रायडेला बऱ्याच वाइनरी बंद असतात, आणि २५ एप्रिलला अँझॅक या सैनिकांच्या स्मृतिदिनी सकाळी दुकानं उघडत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात; मग सूर्य सहाच्या आतच मावळतो. भटकंती लवकर सुरू करून लवकर आटपावी लागते. घरी खरड छाटणी त्याच महिन्यात असते खरी, पण ती भावाच्या हाती सोपवून येणं ऐन काढणीत बाग सोडून येण्याइतकं अवघड नाही.

जानेवारी टळणारच नसेल, तर फ्लिंडर्स काढून टाका. बाहेरचं सगळं सकाळी सात ते अकरा, मग घरी जेवण आणि झोप, पुन्हा साडेपाचनंतर समुद्र. आदल्या संध्याकाळी ग्रामीण अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशीची आगबंदी बघूनच बेत नक्की करा. वणव्याच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत. शेवटच्या दोन, ‘एक्स्ट्रीम’ आणि ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, दिसल्या की डोंगर आणि झाडी सोडून शहरात किंवा किनाऱ्यावर राहायचं. यात घासाघीस नको.

आता किलोमीटर मोजू. फ्लिंडर्समधल्या विल्पिना पाउंडला जाऊन-येऊन ८६०. बेटाची बोट सुटते त्या केप जर्विसला जाऊन-येऊन सव्वादोनशे, कांगारू आयलंडवर साडेतीनशे. ग्रेट ओशन रोडने मेलबर्न हजाराच्या वर, तिथून सरळ रस्त्याने परत ७३०. बेरीज ३,१००च्या पुढे. बारा दिवसांत हे बसतं, पण गुडघे दुमडून मागच्या सीटवर बसलेल्या आईला यातलं दिसेल काय? समोरच्या सीटची पाठ. ‘जितकं जास्त दाखवता येईल तितकं’ म्हणताना तुम्ही ठिकाणं मोजताहात. त्यांना तुमचं घर, नातीची शाळा, तुमचा रोजचा बाजार हेही बघायचं असेल. सेंट्रल मार्केट १८६९ पासूनचं आहे; रविवार-सोमवार सोडून कधीही न्या, भाजीच्या गाळ्यांपाशी आई तासभर सहज रमेल.

माझं मत विचाराल तर मेलबर्न आणि फ्लिंडर्स दोन्ही सोडा. मुक्काम घरी, दिवसाआड बाहेर. बरोसा जेमतेम सत्तर किलोमीटर, मॅकलारेन व्हेल चाळीस. मॅकलारेन व्हेलला सकाळी बागा, संध्याकाळी पोर्ट विलंगाचा किनारा, असा एकच दिवस पुरतो. पाण्याची टंचाई बघितलेल्या माणसाला तिथलं एक काम दाखवण्यासारखं आहे: क्रिस्टीज बीचच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी नळाने इथल्या बागांना येतं. पोर्ट विलंगाला मोडक्या धक्क्याचे खांब वाळूत उभे आहेत आणि कोळ्यांनी कड्यात खोदलेल्या कपारी आहेत. मात्र किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आईला वरूनच सूर्यास्त दाखवा. जवळच्या मॅस्लिन बीचच्या दक्षिण टोकाला १९७५ पासून विवस्त्र स्नानाची अधिकृत मुभा आहे. आई-वडिलांना घेऊन फिरत फिरत तिकडे पोचू नका, एवढंच.

त्याच बाजूच्या आल्डिंगा किनाऱ्याला लोक गाडी थेट वाळूवर नेतात. भाड्याची गाडी असेल तर नेऊ नका: वाळूत रुतणं आणि खारं पाणी बहुतेक विम्यांत बसत नाही. आतल्या आखाताकडचे किनारे शांत. वेटपिंगा, पार्सन्स हे दक्षिण महासागराला तोंड देणारे किनारे बघायला देखणे आणि पोहायला घातक. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो गडद, शांत पट्टा दिसतो, तिथेच पाणी आत ओढतं. मुलीला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात सोडा. मार्च २०२५मध्ये या किनाऱ्यावर विषारी शेवाळाची लाट आली होती, लोकांचे डोळे चुरचुरले, खोकले झाले, मासे मरून वाळूवर आले. त्यामुळे निघण्याआधी सरकारी सूचना बघायची सवय ठेवा; पाण्यावर फेस आणि वाळूवर मेलेले मासे दिसले तर पाण्यात उतरू नका.

आईसाठी सगळ्यांत सोपा दिवस व्हिक्टर हार्बरचा. तिथून ग्रॅनाइट आयलंडपर्यंत पुलावरून घोड्याची ट्राम जाते, ती पहिल्यांदा धावली १८९४ साली. चालणं जवळपास नाही. डोंगरात क्लेलंडच्या प्राणिवनात कांगारूंना हातावर खाणं देता येतं, आणि त्याच वाटेवर हानडॉर्फ हे १८३९ साली वसलेलं जर्मन गाव. तुमचे पाय शिवशिवत असतील तर एखाद्या पहाटे एकट्याने वॉटरफॉल गलीवरून माउंट लॉफ्टी करा: एकेरी चार किलोमीटरला थोडं कमी, चढ सिंहगडासारखा दम काढणारा, वर मात्र पिठलं-भाकरी नाही.

कांगारू आयलंड ठेवा, पण दोन रात्री द्या. केप जर्विसहून बोट ४५ मिनिटं घेते. सामुद्रधुनीत वारा असला तर चांगलीच हेलकावते, तेव्हा ओकारीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी. बेट चार हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, दीडशे किलोमीटर लांब. ‘एका दिवसात बेट’ म्हणजे बोट आणि रस्ता एवढंच. पहिली रात्र पूर्वेकडे, दुसरी पश्चिमेकडे काढा. सील बेला लाकडी वाटेवरून सी-लायन दिसतात, वाळूत उतरणारी फेरी आईने टाळावी. रिमार्केबल रॉक्सची वाट सोपी. ॲडमिरल्स आर्चला बऱ्याच पायऱ्या. २०१९-२०च्या वणव्यात बेटाचा जवळजवळ अर्धा भाग जळाला होता. काळे खांब आणि त्यांच्या बुंध्यातून आलेली झुबकेदार हिरवी फूट अजून शेजारी शेजारी दिसते. संध्याकाळी सूर्य कलला की गाडी लावून टाका. कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात, आणि रात्री जनावराला बसलेली धडक कित्येक भाड्याच्या गाड्यांच्या विम्यातून वगळलेली असते. गाडी बेटावर आणि कच्च्या रस्त्यावर न्यायची मुभा आहे का, हे करारात वाचून घ्या.

बेटावर मध नेता येत नाही. १८८५ पासून हे लिग्युरियन मधमाश्यांचं अभयारण्य आहे, बाहेरचा रोग येऊ नये म्हणून मध, मेण, काहीच नाही. आईच्या पिशवीत खोकल्यासाठी मधाची बाटली असणारच, ती घरी ठेवा. कच्च्या बटाट्यांवरही निर्बंध आहेत. भाजी घरून करून न्या किंवा बटाटे बेटावरच्या किंग्सकोट गावातल्या दुकानातून घ्या. तसंही डबा लागणारच: छोट्या गावांत स्वयंपाकघर दुपारी दोनला आणि रात्री आठच्या सुमाराला बंद होतं, आणि सार्वजनिक उद्यानांमधल्या फुकट विजेच्या शेगड्यांवर आधी काय भाजलं गेलं असेल ते माळकऱ्याला सांगायची गरज नाही. एक छोटी विजेची शेगडी आणि एक पातेलं डिकीत टाका.

गाडी कोण चालवणार हे बरोसाला निघण्याआधी ठरवा. रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलीस कुठेही थांबवून तपासतात. तेरा टक्क्यांच्या वाइनचे १०० मिली म्हणजे एक प्रमाण पेय (स्टँडर्ड ड्रिंक). बरोसाची शिराझ साडेचौदापर्यंत सहज जाते. तीस मिलीचे पाच घोट म्हणजे पावणेदोन पेयं, आणि ही झाली एकच वाइनरी. चालवणाऱ्याने चव घेऊन समोरच्या भांड्यात थुंकावं, तिथे ते कुणाला वावगं वाटत नाही. त्यापेक्षा अजिबात न घ्यावी हे बरं.

शेवटी विमानतळ. वडील बागेतून थेट निघणार आहेत. प्रवेशाच्या फॉर्मवर गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का असं विचारतात. ‘हो’ लिहायला सांगा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फक्त बूट बघतात. बागेतल्या चपला घरीच राहू द्या, नवे बूट घाला. पेढे, बर्फी, कढीपत्ता, बियाणं नको. चिवडा-चकली असेल ती लिहून दाखवा. आजारपणाचा विमा जुन्या दुखण्यांसकट घ्या, इथली रुग्णवाहिकाही फुकट नाही.

बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारणं हा तिथे शिष्टाचार नाही, नियम आहे. कुंपणावर पाटी असते. मेलबर्नला गेलातच आणि तिथल्या बागांतून फिरलात, तर तेच बूट घालून बरोसात येऊ नका. दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) असलेल्या पाण्यात साठ सेकंद बुडवल्याशिवाय तर नाहीच. परतताना खायची फळं साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेत शिरण्याआधीच संपवा. आणि परत निघण्याच्या आदल्या रात्री वडिलांच्या पिशवीत हळूच एक नजर टाका. दीडशे वर्षांची वेल बघून आलेला बागायतदार लावायला वेलीची काडी उचलल्याशिवाय राहील याची मी हमी देत नाही. काडी परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही. त्याऐवजी त्यांना खोडाचे, ओलांड्याचे (खोडाच्या आडव्या फांदीचे), पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि लागवडीचं साल लिहिलेल्या पाटीचे फोटो काढून द्या. भावाला दाखवायला तेच लागतील.